खतावणीत न मावणारा शास्त्रज्ञ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका भौतिकशास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, हे पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तेव्हा प्रथम त्याचा खुलासा करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी मोठ्या हौसेने विज्ञान शाखेत नाव घातले होते. शाळेत विज्ञानात माझे गुण चांगले असत. पण ज्याला मी आयुष्यभर बल, कार्य, ऊर्जा म्हणत आलो, ते सारे एकाएकी इंग्रजीत समोर आले आणि मी गोंधळून गेलो. वर्गात प्रश्न विचारायचा तर आधी मनात वाक्य जुळवावे लागे, आणि ते जुळेपर्यंत फळा पुसलेला असे. वर्षाअखेर भौतिकशास्त्रात नापास झालो. पुढच्या जूनमध्ये वाणिज्य शाखेत आलो. इथे मला चांगले मित्र मिळाले, हिशेबाची गोडी लागली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एखादे दार आपल्या तोंडावर बंद झाले ही बोच मनात राहिली ती राहिलीच.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी बडोद्याला मामांकडे गेलो होतो. दांडिया बाजारात त्यांचे जुने घर आहे. तिथल्या गल्लीत मराठी अजून घरोघरी बोलली जाते, फक्त तिला गुजरातीचा किंचित हेल असतो. मामा एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहेत आणि लवकरच निवृत्त होणार आहेत. कपाट आवरताना त्यांनी एक चपटी पेटी काढली. पूर्वी क्ष-किरण चित्र काढताना फिल्म अशा पेटीत घालीत. पेटी उघडली तर आत दोन्ही बाजूंना गुळगुळीत पांढरा पुठ्ठा चिकटवलेला होता. मला त्यात काही विशेष दिसेना. मामा म्हणाले की सगळी करामत या पुठ्ठ्याची आहे. यावर क्ष-किरण पडले की तो उजळतो, आणि चित्र उमटते ते मुख्यतः त्या उजेडाने. किरण स्वतः फिल्मवर फारच थोडे काम करतात. हा उजळणारा पुठ्ठा नसता तर रोग्याला कितीतरी पट जास्त किरण सोसावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला राजमहाल रस्त्यावरचे कलाभवन दाखवायला नेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था काढली. तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. यंत्रविद्या, रंगाई, चित्रकला असे हातचे शिक्षण इथे देशी भाषेतून देत. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या हुशार मुलाला परत पाठवायचे नाही, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. त्या इमारतीसमोर उभा असताना मला वाटले की माझ्यासारख्यासाठी असे एखादे दार असायला हवे होते. मी ते बोलूनही दाखवले. त्यावर मामांनी मला राँटजेनची गोष्ट सांगितली. परत आल्यावर आमच्या ग्रंथालयात बसून मी ती नीट वाचून काढली. तीच येथे सांगत आहे.

विल्हेल्म कॉनराड राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या लहानशा गावी झाला. वडील कापडाचे उत्पादक आणि व्यापारी. आई ॲमस्टरडॅमच्या घराण्यातली. विल्हेल्म हे त्यांचे एकुलते एक अपत्य. म्हणजे खरे पाहता हा मुलगा आमच्या शाखेचा. त्याने दुकानाच्या गादीवर बसावे, कापडाचे भाव आणि उधारीची वही पाहावी, असाच सरळ हिशेब होता. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे राहायला गेले. शाळेत तो काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. रानावनात भटकणे आणि हाताने काही यंत्रे, खटपटी करणे याचा मात्र त्याला नाद होता.

१८६२ साली तो उट्रेक्ट येथील तांत्रिक शाळेत दाखल झाला. तिथे एक प्रसंग घडला. वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. शिक्षक आले तेव्हा विल्हेल्म ते पाहत हसत होता. चित्र त्याने काढले नव्हते. कोणी काढले हे सांग, असा आग्रह झाला तेव्हा त्याने मित्राचे नाव सांगण्याचे नाकारले. परिणामी त्यालाच शाळेतून काढून टाकण्यात आले. ही शिक्षा एका शाळेपुरती राहिली नाही. शालान्त प्रमाणपत्र हाती नसल्यामुळे विद्यापीठांची दारे त्याला बंद झाली. उट्रेक्टच्या विद्यापीठात तो काही काळ व्याख्याने ऐकायला बसे, पण त्याला रीतसर विद्यार्थी म्हणून कोणी मानीना. वीस वर्षांचा मुलगा, ना इकडचा ना तिकडचा. माझेही वय आज वीसच आहे, म्हणून चरित्रातले हे पान मी दोनदा वाचले.

अशा वेळी त्याला कळले की स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे एक तंत्रविद्यालय आहे आणि तिथे प्रमाणपत्रावाचूनही, प्रवेशपरीक्षेच्या जोरावर घेतात. १८६५ च्या नोव्हेंबरात तो तिथे यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी झाला. १८६८ साली पदविका आणि १८६९ साली डॉक्टरेट त्याने मिळवली. तिथेच त्याला ऑगस्ट कुंट हे भौतिकशास्त्राचे गुरू भेटले. अभियंता होऊ घातलेल्या या तरुणाचा हात प्रयोगाला किती चांगला आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याला आपला सहायक म्हणून घेतले. झुरिचलाच एका खानावळवाल्याची मुलगी, ॲना बर्था लुडविग, त्याला भेटली. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. १८७२ साली त्यांचा विवाह झाला आणि सत्तेचाळीस वर्षे हा संसार चालला. त्यांना मूल झाले नाही. बर्थाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी १८८७ साली घरी आणून आपली म्हणून वाढवली.

कुंट यांची नेमणूक जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात झाली, तेव्हा त्यांनी राँटजेनला बरोबर नेले. पण तिथे पुन्हा ते जुने भूत आडवे आले. डॉक्टरेट असूनही, शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणून विद्यापीठाने त्याला अध्यापनाची पात्रता देण्याचे नाकारले. गुरुशिष्य स्ट्रासबर्गला गेले. तिथल्या नव्या विद्यापीठाने १८७४ साली त्याला ती पात्रता दिली. मग होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबर्ग, गीसेन अशी गावे फिरत, एकेक पायरी चढत तो प्राध्यापक झाला. १८८८ साली त्याला सन्मानाने बोलावणे आले ते त्याच वुर्झबर्ग विद्यापीठाकडून. १८९४ साली तर तो तिथला कुलगुरू झाला. ज्या दारातून परत पाठवले त्याच दाराची किल्ली हातात आली. त्याने याचा कधी गवगवा केला असे मात्र कुठे वाचायला मिळाले नाही.

यापुढे त्यांचा उल्लेख आदरार्थी करतो. राँटजेन उंच, दाढीवाले, अबोल. भाषण द्यायचे म्हटले की त्यांना संकोच वाटे. सुटीत डोंगर चढावा, शिकारीला जावे आणि बाकीचे दिवस प्रयोगशाळेत एकट्याने काम करावे, हा त्यांचा क्रम. उपकरणे शक्यतो स्वतःच्या हाताने बनवायची आणि एकदा मोजलेले पुन्हा मोजायचे, ही त्यांची सवय. पन्नास वर्षांचे होईपर्यंत त्यांनी वायू, स्फटिक, द्रव यांच्यावर भरपूर आणि भरवशाचे काम केले होते. शास्त्रज्ञांत त्यांना मान होता, पण जगाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. तेव्हाच ते निवृत्त झाले असते तर आज मी त्यांच्यावर लिहायला बसलो नसतो.

८ नोव्हेंबर १८९५. शुक्रवारची संध्याकाळ. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की काय होते, याचा अभ्यास तेव्हा युरोपात बरेच जण करीत होते. राँटजेन यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने चहूकडून झाकून घेतली आणि खोली अंधारी केली. प्रकाशाचा कवडसाही बाहेर येत नाही याची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी वीज सोडली. नळी काळीच राहिली. पण थोड्या अंतरावर काहीतरी हिरवट चमकू लागले. काडी ओढून पाहिले तर तो बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाच्या क्षाराचा लेप दिलेला कागदाचा पडदा होता. वीज बंद केली की चमक जाई, सुरू केली की येई. पडदा दोन मीटर दूर नेला तरी तो उजळे. झाकलेल्या नळीतून, पुठ्ठा भेदून, डोळ्यांना न दिसणारे काहीतरी बाहेर पडत होते आणि त्या पडद्यावर आपली हजेरी लावत होते.

हा पडदा ध्यानात ठेवावा अशी वाचकांना विनंती आहे. किरणांचे नाव सगळ्यांना माहीत असते, पडद्याची आठवण कोणी काढत नाही. पण तो लेप दिलेला कागद जवळपास नसता तर त्या संध्याकाळी राँटजेन यांना काहीच दिसले नसते. अशाच नळ्यांवर दुसरेही लोक काम करीत होते. त्यांच्याही खोल्यांतून हे किरण जात असणार, पण त्यांनी ते ओळखले नाहीत.

पुढचे सात आठवडे राँटजेन जवळजवळ प्रयोगशाळेतच राहिले. जेवण तिथे, झोप तिथे. कोणाला काही सांगितले नाही, कारण आपल्या पाहण्यात काही चूक तर नाही ना, ही शंका आधी फेडायची होती. नळी आणि पडदा यांच्यामध्ये त्यांनी हजार पानांचे जाडजूड पुस्तक धरले, पत्त्यांचे दोन जोड धरले, लाकडाचे ठोकळे धरले. किरण पार गेले. शिशाचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र त्यांना जवळपास पुरता अडवीत होता. आणखी कोणते पदार्थ या किरणांनी उजळतात हेही त्यांनी पाहिले. युरेनियमयुक्त काच, साधी काच, कॅल्साइट, सैंधव असे पदार्थ त्यांच्या यादीत आहेत. म्हणजे उजळणाऱ्या पदार्थांचा जो शोध आज जगभर चालला आहे, त्याची पहिली यादी त्यांच्या पहिल्याच निबंधात आहे. २२ डिसेंबर रोजी त्यांनी बर्थाला प्रयोगशाळेत बोलावले आणि तिचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवायला सांगितला. बोटांची हाडे आणि त्यांतल्या एका बोटातली अंगठी असे ते चित्र उमटले. जिवंत माणसाच्या हाडांचे ते चित्र पुढे जगात सर्वत्र छापले गेले. आपलीच हाडे पाहून त्या बाईंना आनंद झाला नाही, मृत्यूची चाहूल लागल्यासारखे वाटले, असे चरित्रकार सांगतात.

२८ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी वुर्झबर्गच्या भौतिक-वैद्यकीय सभेकडे आपला छोटासा निबंध दिला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी निबंधाच्या प्रती चित्रांसह ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने गेल्या. त्यानंतर जे झाले त्याला तोड नाही. ५ जानेवारी १८९६ रोजी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि आठवड्याभरात ती समुद्रापलीकडे पोहोचली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये जर्मन सम्राटासमोर प्रयोग झाला. २३ जानेवारीला वुर्झबर्ग येथे त्यांनी व्याख्यान दिले. तिथे कलिकर या वृद्ध शरीरशास्त्रज्ञांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष काढले, आणि किरणांना राँटजेन यांचे नाव द्यावे अशी सूचना कलिकर यांनीच केली. राँटजेन यांनी स्वतः मात्र त्यांना एक्स-किरणच म्हटले. बीजगणितात जी राशी माहीत नसते तिला एक्स म्हणतात, म्हणून हे नाव. मराठी शाळांत आपण त्या अज्ञात राशीला क्ष म्हणत आलो, म्हणून आपले क्ष-किरण. आमच्या अंकाच्या कन्नड विभागाचे संपादन करणाऱ्या मित्राला विचारले, तर कन्नडमध्येही क्ष-किरणच म्हणतात असे कळले. एका जर्मन माणसाने नम्रपणे ठेवलेले अज्ञाताचे चिन्ह आपल्या दोन्ही भाषांनी एकाच अक्षराने उचलले, याची मला मोठी गंमत वाटली.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. या शोधाचे पेटंट राँटजेन यांनी का घेतले नाही? मागणी तर दारात उभी होती. त्या एका वर्षात या विषयावर हजाराहून अधिक लेख प्रसिद्ध झाले, रुग्णालये यंत्रे मागू लागली, कारखाने नळ्या बनवू लागले. एका मोठ्या जर्मन विद्युत कंपनीने त्यांच्याशी करार करण्याची तयारी दाखवली. राँटजेन यांनी नकार दिला. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे शोध सर्वांचे असतात, त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नसावी, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी नावापुढे सरदारकीची पदवी लावून घेण्याचेही नाकारले. या किरणांवर त्यांनी एकंदर तीन निबंध लिहिले आणि पुढचे काम इतरांच्या हाती सोपवून ते आपल्या जुन्या स्फटिकांकडे वळले.

त्यांच्या या मोकळेपणाचा पहिला फायदा त्या पडद्याला झाला. बेरियम प्लॅटिनोसायनाइडमध्ये प्लॅटिनम असते, म्हणजे माल महाग. अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी हजाराहून अधिक पदार्थ एकामागून एक तपासले आणि १८९६ च्या मार्चमध्ये कॅल्शियम टंगस्टेट हा स्वस्त आणि अधिक उजळ पदार्थ पुढे आणला. त्याचा उजेड निळसर असतो आणि छायाचित्राच्या फिल्मला निळा उजेड चांगला मानवतो. त्यामुळे पुढे पाऊणशे वर्षे जगभरच्या पेट्यांत हाच पदार्थ राहिला. पण या खात्याला एक नावेची बाजूही आहे. एडिसन यांचा काच फुंकणारा सहायक क्लॅरेन्स डॅली या प्रयोगांत रोज आपले हात किरणांसमोर धरीत असे. त्याच्या हातांवर जखमा झाल्या, कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली, चाळिशीही न ओलांडता, तो गेला. एडिसन यांनी हे काम सोडून दिले. मामा कामावर असताना छातीवर एक बिल्ला लावतात. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने परत देतात. त्यावरून किती किरण लागले याचा हिशेब होतो. उजळणाऱ्या एका पदार्थाने डॅलीला कामाला लावले, दुसरा मामांची राखण करतो. मधली किंमत डॅलीसारख्यांनी चुकवली आहे.

पडद्याची पुढची हकीकत मामांनी मला चहा घेता घेता समजावली. ती विज्ञान शाखेच्या मित्रांना ठाऊक असेल, पण आमच्या वर्गासाठी सांगतो. चांगल्या पडद्याकडून दोन कामांची अपेक्षा असते, आणि ती दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध जातात. किरण पुरेसे अडवायचे तर थर जाड हवा. पण थर जाड केला की आत निर्माण झालेला उजेड पृष्ठभागाशी येईपर्यंत आजूबाजूला पसरतो आणि चित्र पुसट होते. थर पातळ केला तर चित्र रेखीव, पण किरण वाया जातात आणि रोग्याला जास्त मात्रा द्यावी लागते. नफा वाढवायला जावे तर जोखीम वाढते, तसेच हे. १९७० नंतर गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडसारखे पदार्थ आले. त्यांतले अणू जड असल्यामुळे ते किरण चांगले अडवतात आणि उजेडही जास्त देतात, म्हणून रोग्याची मात्रा बरीच कमी झाली. पुढे फिल्म गेली आणि संगणकाला जोडलेले सपाट फलक आले. त्यांपैकी अनेकांत सीझियम आयोडाइडचा थर असतो. हा थर सुयांसारखा वाढवतात. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या असंख्य सुया एकीला एक लागून उभ्या असतात. सुईत निर्माण झालेला उजेड आडवा न पसरता सुईतूनच खाली उतरतो. थर जाड ठेवूनही चित्र रेखीव राहते. शेतात पाणी पसरू न देता पाटाने न्यावे, तसा हा प्रकार.

आता शास्त्रज्ञ त्याहूनही बारीक कणांकडे वळले आहेत. मिलिमीटरचा दहालक्षावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काही नॅनोमीटरांचा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही फार लहान असतो, म्हणून तो उजेडाला फारसा विखरू देत नाही. असे कण एखाद्या पारदर्शक पातळ थरात बसवता येतात, आणि द्रावणातून तयार होत असल्यामुळे मोठ्या भट्ट्या लागत नाहीत. २०१८ साली सीझियम, शिसे आणि ब्रोमीनसारखी मूलद्रव्ये यांच्या अशा सूक्ष्म स्फटिकांनी क्ष-किरणांत उत्तम उजेड दिल्याचे प्रसिद्ध झाले. पण त्यांत शिसे विषारी, आणि दमट हवेत हे स्फटिक टिकेनासे होतात. या अडचणी सोडवण्याचे काम अनेक देशांत सुरू आहे. बडोद्याच्या कलाभवनाच्या त्याच तंत्रज्ञान शाखेत, उपयोजित भौतिकशास्त्राच्या विभागातही, उजळणाऱ्या पदार्थांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे, हे मामांकडून ऐकले तेव्हा ती इमारत आणि वुर्झबर्गची ती अंधारी खोली माझ्या मनात एकमेकींना येऊन भिडल्या. राँटजेन यांच्या यादीत काच होती, सैंधव होते. आजची यादी त्याच यादीची पुढची पाने आहेत.

पुन्हा राँटजेन यांच्याकडे वळतो. १९०० साली ते म्युनिकला गेले. १९०१ साली नोबेल पारितोषिके सुरू झाली आणि भौतिकशास्त्राचे पहिलेच पारितोषिक त्यांना मिळाले. ते स्टॉकहोमला जाऊन आले, पण भाषण दिले नाही. पारितोषिकाची रक्कम त्यांनी संशोधनासाठी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली, एकेकाळी त्यांना नाकारणाऱ्या विद्यापीठाला. मग पहिले महायुद्ध आले. १९१९ साली दीर्घ आजारानंतर बर्था गेली. १९२० साली ते निवृत्त झाले. आणि त्यानंतर जर्मनीत जी चलनवाढ झाली तिचा धडा आम्हाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. १९१४ साली एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. १९२३ च्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आयुष्यभराची शिल्लक वितळून गेली. त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या रकमेचीही तीच गत झाली. आपल्या शोधावर जगभर कारखाने चालत असताना हा माणूस म्हातारपणी काटकसरीने दिवस काढीत होता. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची बरीच खासगी पत्रे आणि टिपणे जाळून टाकण्यात आली. त्यांच्या अस्थी गीसेन येथे कुटुंबियांशेजारी विसावल्या आहेत.

हे सारे वाचून झाल्यावर मी खरोखरच वहीत एक खाते मांडून पाहिले. वर नाव लिहिले, राँटजेन. नावेच्या बाजूला गेलेली शिल्लक, न घेतलेले पेटंट, नाकारलेला करार. जमेच्या बाजूला काय लिहावे? आमच्या एका मोडलेल्या हातापासून जगातल्या प्रत्येक क्षयरोग्याच्या छातीपर्यंत जे काही दिसले, ते कोणत्या रकमेने लिहावे? अमूर्त मालमत्ता हा धडा आम्ही शिकलो आहोत. नावलौकिकाचे मूल्य कसे काढायचे याची रीतही आहे. पण ती विकणारा आणि विकत घेणारा असेल तरच चालते. इथे विकणाराच नव्हता. माझे खाते जुळले नाही.

याचा अर्थ पेटंट घेणे वाईट, असा कोणी घेऊ नये. आज नव्या पदार्थावर वर्षानुवर्षे खर्च करणाऱ्या प्रयोगशाळांना तो खर्च कुठून तरी भरून काढावा लागतो. विद्यापीठे स्वतःच पेटंट घेतात, आणि त्या पैशातून पुढचे संशोधन चालते. राँटजेन यांना प्राध्यापकाचा पगार होता, ही गोष्टही हिशेबात धरायला हवी. पण चलनवाढीने त्यांचे मार्क नेले, तसे त्यांनी वाटून टाकलेले काही कोणाला नेता आले नाही. जे वहीत ठेवले ते गेले, जे वहीबाहेर सोडले ते उरले. ताळेबंद शिकणाऱ्या मुलाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

आणि ते बंद दार? उट्रेक्टचे बंद झाले म्हणून झुरिचचे शोधावे लागले. झुरिचच्या लोकांनी प्रमाणपत्र न मागता मुलाची परीक्षा घेतली. कलाभवनाने भाषेची अट न घालता मुलाचा हात पाहिला. दार उघडणाऱ्याला आत कोण येतो आहे हे त्या वेळी ठाऊक नसते, तरी तो उघडतो. मी आता पुन्हा विज्ञान शाखेत जाणार नाही. पण या सहामाहीत एक काम सुरू केले आहे. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड माध्यमाची चार मुले यंदा विज्ञानाला गेली आहेत. रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसतो. इंग्रजी धडा आधी त्यांच्या भाषेत सांगतो, मग इंग्रजीत वाचून घेतो. त्यांना समजावताना मलाही कळते आहे. भौतिकशास्त्राच्या ज्या प्रकरणात मी गटांगळ्या खाल्ल्या होत्या, ते परवा त्यांतल्या एकाला मी कन्नडमधून सांगितले आणि त्याने मान डोलावली.

मामांनी तो पांढरा पुठ्ठा मला दिला आहे. तो माझ्या टेबलावर, हिशेबाच्या वह्यांशेजारी असतो. अंधारात तो काही चमकत नाही. त्याच्यावर काहीतरी पडावे लागते.